ज्याच्या खोडात लाकूड होत नाही

सकाळी चहाचं आधण ठेवलं की माझा फोन वाजायचा. आर्णीहून वहिनीचा. 'कशी आहेस' नाही, 'काय चाललंय' नाही, सरळ बातमी. "शोभा, आज घोळ निघाली." किंवा, "आज केना निघाला, भजी करते." माझ्या भावाच्या घरामागच्या परसात त्या दिवशी जमिनीतून खाण्याजोगं काय वर आलं, हे यवतमाळात बसलेल्या नणंदेला कळवल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. मी वैतागून म्हणायची, "अगं, इथं बाजारात ढिगानं भाजी मिळते, मला कायले सांगतेस?" त्यावर ती म्हणायची, "बाजारात असते ते विकायले उगवलेलं. हे आपल्या मनानं उगवलं." आणि फोन ठेवून द्यायची. मला उलट बोलायला वाव न ठेवणारी आमच्या सगळ्या गोतावळ्यात ती एकटीच.

आषाढ लागला त्या आठवड्यात असाच फोन वाजला. नाव वहिनीचं. मी गॅस बारीक करत म्हटलं, "बोल, काय निघालं आज?"

पलीकडे दादा होता. "शोभा, ती गेली," म्हणाला. मग, "पुढच्या दारानं ये. मागचं दार मी बंद केलंय."

वहिनीचं हृदय वर्षभर कुरकुरत होतंच. त्या सकाळी ती नेहमीसारखी परसात गेली, तरोटा, म्हणजे टाकळा, खुडून आणला, सूप मांडीशी ठेवून मागच्या पडवीतल्या खाटेवर जरा टेकली. दादा चहा घेऊन गेला तेव्हा सुपातली पानं अजून टवटवीत होती. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल तिला. हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

तर ही आमची वहिनी, सुमन. मूळची बोरी अरब गावची. आर्णीतल्या एका कॉलेजात तिनं जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. आणि माझा दादा वनखात्यात, लाकडाच्या डेपोत. सागवानाच्या ओंडक्याला टेप लावायची, गोलाई सांगायची, शिक्का मारायचा. ज्यातून फळी निघत नाही त्याला तो झाडच म्हणत नसे, 'पाला' म्हणायचा. ही दोन माणसं एका मांडवात कशी आली, तर त्याला साक्षीदार मी आहे. बघायचा कार्यक्रम होता, सगळे गुपचूप पोहे खात होते. दादानं घसा साफ करून विचारलं, "तुम्हाला झाडांची आवड आहे म्हणे?" ती म्हणाली, "हो. तुम्हाला?" दादा ताठ बसून म्हणाला, "सागवानाची." तर ही बया म्हणते कशी, "ते झाड नाही हो, तो तुमचा पगार झाला!" अख्ख्या बैठकीत एकटी मी हसले, आणि पोहे असे घशात अडकले की तिनंच उठून माझ्या पाठीवर थापा मारल्या. घरी आल्यावर मी जाहीर केलं, वहिनी करीन तर हीच, नाहीतर दादा बिनलग्नाचा राहिला तरी चालेल.

तिचा एक लाडका शब्द होता, 'शाकीय'. पुस्तकी शब्द खरा, पण तिनं तो चुलीपर्यंत आणला. कॉलेजात तिच्याकडे येणारी पोरं आजूबाजूच्या खेड्यांतली, तांड्यांवरची. इंग्रजी शब्द दिला की ती पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची. म्हणून ती आधी मराठी शब्द द्यायची आणि तो हातात ठेवायची. मी एकदा सुट्टीत आर्णीला गेले होते, तर मलाही वर्गाबरोबर शेतात नेलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून विचारते, "शाकीय म्हणजे काय?" एक जण म्हणाला, लहान झाड. दुसरी म्हणाली, औषधाचं झाड. तिसऱ्यानं सांगितलं, भाजीचं. ती म्हणाली, "तिन्ही नापास. ज्याच्या खोडात लाकूड होत नाही, ते शाकीय. बास. उंची पाहू नका, उपयोग पाहू नका. खोडाले हात लावा." आणि खरंच, प्रत्येकाला वाकून बुडाशी खोडाला नख लावायला लावलं. नख रुतलं, हिरवं पाणी आलं, वाकवलं तर वाकलं, की म्हणायचं शाकीय.

मग तिनं सापळा लावला. समोर कपाशी उभी होती. "ही?" सगळे एका सुरात, "शाकीय, मॅडम! एका वर्षात तर संपते." ती लगेच संगीताकडे वळली. संगीता जवळच्या तांड्यावरची, पहिल्या बाकावरची मुलगी. "संगीता, आज सकाळी घरी भाकर कशावर झाली?"

"चुलीवर, मॅडम."

"चुलीत काय होतं?"

"पऱ्हाट्या..." म्हणता म्हणता त्या पोरीनं तोंडावर हात घेतला आणि सगळा वर्ग हसायला लागला. वाळलेल्या कपाशीची खोडं, म्हणजे पऱ्हाट्या, आमच्या जिल्ह्यात घरोघरी जळतात. पाल्यावर कुठं भाकर होते? एका वर्षात का होईना, कपाशीनं लाकूड केलं ते केलंच. आणि तिथून पाच पावलांवर विहिरीजवळ केळ होती, माणसाच्या दुप्पट उंच. वहिनीनं घड काढलेली एक केळ विळ्यानं आडवी कापली आणि एकात एक गुंडाळलेले ते पांढरे पापुद्रे सोलत गेली. आत लाकडाचा पत्ता नाही. "ही एवढी थोराड, पण शाकीय," म्हणाली. "घड दिला की खाली बसते. शेजारी पिलं सोडून जाते." मी म्हटलं, आपण सत्यनारायणाला आयुष्यभर चौरंगाला पाला बांधतोय तर! ती म्हणाली, "हे तुझ्या दादाले नको सांगू, पूजा सोडतील."

पुढे हा शब्द तिनं कुठं कुठं वापरावा! शेजारणीशी नळावरून कडाक्याचं वाजलं आणि संध्याकाळी तीच शेजारीण लोणचं घेऊन आली, तर वहिनी म्हणाली, शाकीय भांडण होतं. माझ्या कचेरीतले साहेब माझ्यावर डाफरले, मी रडकुंडीला येऊन तिला फोन केला, तर तिचा पहिला प्रश्न, "उद्यापर्यंत टिकतो का त्यांचा राग?" मी म्हटलं, छे, दुपारी चहा पाजला त्यांनी. "मग शाकीय आहे. खुडून टाक." तिच्या पोरांनीही शब्द उचलला होता. संगीताच तिच्या तोंडावर म्हणायची, "मॅडम, तुमचा राग शाकीय आहे, आम्हाले माहीत हाये." आणि दादाचा? दादाचा राग सागवानी. तो बोलत नसे, आदळआपट करत नसे, आत साठवायचा. वहिनी म्हणायची, "यांना आडवं कापलं तर एकेका वर्षाच्या रागाचं वलय मोजता येईन." दादा पेपरामागून म्हणायचा, "कापून बघ." पेपर जरासा हलायचा, म्हणजे हसून राहिला आहे एवढं आम्हाला कळायचं. पण ती म्हणायची ते खरंच होतं. आई गेली तेव्हा मी आठ दिवस रडले आणि मोकळी झाले. दादा रडला नाही, आणि त्यानंतर कित्येक महिने आईचं नाव काढलं की उठून जायचा.

वहिनीची नि माझी शेवटची भेट वैशाखातली. उन्हानं परस नुसतं भाजून निघालं होतं, एक हिरवी काडी नाही. कोपऱ्यातलं केळीचं बेट तेवढं धुण्याच्या पाण्यावर तग धरून. ती मात्र मला कौतुकानं ती जमीन दाखवत होती. "सगळं आहे इथं. तरोटा आहे, घोळ आहे, केना आहे, तांदुळजा आहे. दिसत नाही एवढंच." मी म्हटलं, मला तर ढेकळं दिसतात बाई. मग पडवीतल्या खाटेवर बसलो. तिनं आवाज खाली केला, कारण आत दादा बातम्या बघत होता.

"शोभा, एक ऐकशील? माझ्या मागं माझ्या नावानं झाड लावू देऊ नको."

मी तिला झापलं. असलं अभद्र काय बोलतेस म्हटलं. ती म्हणाली, "अभद्र काहून? आजकाल सगळेच राखेवर झाड लावतात, चांगली रीत आहे. पण तुझे दादा सागवान लावतीन. कुंपण करतीन, पाणी घालतीन आणि दर वर्षी टेप घेऊन त्याची गोलाई मोजत बसतीन. कोणाशी बोलणार नाहीत, त्या झाडासारखेच उभे राहतीन. मले ते नको. त्यांना रोज उठून मागच्या दारी जावं लागलं पाहिजे. भाजी थांबत नाही ना कोणासाठी. आज खुडली नाही तर उद्या जून होते." मग हसून म्हणाली, "आणि मी बाई शाकीय. माझ्या नावावर लाकूड कायले?"

मी हो म्हटलं. माणूस समोर जिवंत बसलेला असला की हो म्हणायला काय जातं...

तेरवीच्या दिवशी पुण्याहून आलेला आमचा भाचा निखिल, म्हणजे दादा-वहिनीचा मुलगा, सगळं धावपळ करून बघत होता. आणि दादानं सागाचं रोप आणलेलं होतं. सरळसोट, हातभर पानांचं, स्वतः निवडून आणलेलं. परसात खड्डा करायला माणूस बोलावलेला. राखेचं मडकं बाजूला ठेवलेलं. पाहुणे जेवून पडवीत जमले होते. मला गप्प राहता आलं असतं. पण मी कधी राहिलेय? मी म्हटलं, "दादा, वहिनीला हे नको होतं." आणि तिचं म्हणणं सगळ्यांसमोर सांगितलं. टेपची गोष्टसुद्धा सांगितली.

दादाचा चेहरा मी विसरणार नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "मग काय लावू? तण? चार महिन्यांत वाळून जातं ते! मला काहीतरी टिकणारं पाहिजे, शोभा. टिकणारं..."  तो दोन्ही हात मागं बांधून उभा राहिला. संगीता आली होती, आता तीही एका शाळेत शिकवते. तिनं पदर तोंडाला लावला आणि एवढंच म्हणाली, "आमची याडी गेली, सर." याडी म्हणजे तांड्यावरच्या बोलीत आई. दादानं मान हलवली, खड्डा बुजवायला सांगितला, रोप उचलून पुढच्या फाटकाशी ठेवलं आणि मागच्या दाराला कडी घालून वर कुलूप लावलं. राख निखिल नदीला सोडून आला.

त्यानंतर दादानं काही लावलंही नाही आणि मागचं दार उघडलंही नाही. खानावळीचा डबा यायचा, त्यातली अर्धी पोळी खाऊन तो झाकण लावायचा. निखिल रोज मला फोन करायचा, "आत्या, बाबांना पुण्याला नेतो. ते बोलतच नाहीत." आणि मला आतून भीती बसली. आईच्या वेळी निदान वहिनी होती, पेपरामागून त्याला हसवायला. आता हा माणूस आतल्या आत लाकूड होत जाईल आणि एक दिवस तडकन मोडेल, असं सारखं वाटायचं. वहिनीचा शब्द मी पाळला होता खरा, पण त्यानं दादाचं भलं झालं की वाटोळं, हे मला कळेना. सकाळी आधण ठेवलं की हात आपोआप फोनकडे जायचा. फोन गप्प.

श्रावणात मी बॅग भरली आणि आर्णीला जाऊन धडकले. दादाला म्हटलं, राहायला आले आहे, तुला बरं वाटो न वाटो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक मारली, "दादा, घरात भाजी नाही. मागचं दार उघड."

"बाजारातून आणतो," तो म्हणाला.

"बाजारातलं विकायला उगवलेलं असतं."

हे वाक्य माझं नव्हतं, ते त्यालाही माहीत होतं.  मला वाटलं, आता हा उठून जाणार. पण तो किल्ली शोधायला लागला, आणि बराच वेळ शोधत राहिला, ती त्याच्याच सदऱ्याच्या खिशात असूनही. कडी गंजली होती, दोघांनी मिळून ओढली.

परस कमरेपर्यंत भरलं होतं! तरोटा, त्यात घुसलेली घोळ, कुंपणाशी निळ्या फुलांचा केना, तांदुळजा, आणि काय काय ज्याची नावं ती एकटीच घ्यायची. कोपऱ्यातल्या बेटात घड दिलेली केळ कुजून खाली बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन पिलं, तकतकीत, गुंडाळलेल्या पानांची. कोणी पेरलं नव्हतं, कोणी राखलं नव्हतं. ज्या जमिनीत मला वैशाखात नुसती ढेकळं दिसली होती, तीच ही.

दादा पायरीवरच उभा. मी सूप घेऊन खाली उतरले आणि मुद्दाम जाड जाड दांड्यांसकट तरोटा तोडायला लागले. त्याला राहवेना. आयुष्यभर लाकूड पारखलेला माणूस तो! "अगं, ते नको, ते खालचं लाकूड होऊन राहिलं," म्हणत खाली उतरला. वाकला. एका दांड्याला बुडाशी नख लावलं, नख लागेना. वर सरकला, पुन्हा लावलं. वर सरकला... शेंड्याजवळ नख रुतलं, हिरवं पाणी बोटावर आलं.

"इथून खुडायचं," तो म्हणाला. "ती इथून खुडायची. मी पडवीत बसून बघायचो."

आणि तसाच वाकलेला असताना माझा दादा रडला. पोरासारखा, आवाज करून, तरोट्यात उभा राहून. शेजारची ती लोणचंवाली बाई भिंतीवरून डोकावली आणि शहाण्यासारखी लगेच खाली वाकली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मला रडू येत होतंच, पण खोटं कशाला सांगू, आनंदही होत होता. किती दिवसांची माझी भीती त्या सुपाजवळ गळून पडली. नंतर नाक पुसत तो म्हणाला, "तिचं ते काय... शाकीय. बरोबरच होतं तिचं." मी म्हटलं, "तिचं कधी चुकलंय? पोह्यांच्या दिवसापासून बघतेय मी."

त्या दिवशी भाजी त्यानं केली. कांदा जाळला, मीठ दोनदा पडलं, आणि मी तिसऱ्यांदा मागून घेऊन खाल्ली. वहिनी असती तर म्हणाली असती, तुझे दादा डेपोतच बरे होते. संगीता भेटायला आली तेव्हा दादानं ते सागाचं रोप तिला देऊन टाकलं. "तुमच्या धुऱ्यावर लाव. जागा आहे तिथं त्याला," म्हणाला. कसं लावायचं, पाणी किती, सगळं तासभर समजावलं. तिनं माझ्याकडे बघून डोळा बारीक केला आणि म्हणाली, "सर, गोलाई मोजाले येजा मात्र." दादा हसला. या वेळी तोंडासमोर पेपर नव्हता.

निखिलला मी कळवलं, बाबांना इतक्यात नेऊ नकोस, त्यांना रोजचं काम आहे. मग मीही यवतमाळला परत आले. परत आल्यावर पहिल्या सकाळी आधण ठेवलं आणि फोन वाजला. नाव वहिनीचं. तो फोन आता दादा वापरतो, नाव मी बदललेलं नाही, बदलणारही नाही. 'कशी आहेस' नाही, 'पोचलीस का' नाही.

"शोभा, आज घोळ निघाली."

तेव्हापासून रोज चाललंय. कधी केना, कधी तांदुळजा. एकदा कसलीतरी पानं त्याला ओळखू येईनात, तर फोटो पाठवून संगीताला विचारलं, आणि खाण्याजोगी नाहीत कळल्यावर ती उपटली नाहीत, राहू दे म्हणाला. मी अजूनही वैतागून म्हणते, मला कायले सांगतोस, इथं बाजार आहे. तो फोन ठेवून देतो. अगदी तिच्यासारखा, वाव न ठेवता.

आता भाद्रपद सरत आला. काल सकाळी फोन आला तेव्हा आवाज जरा थांबत थांबत येत होता. मागं परसातली पाखरं ऐकू येत होती, म्हणजे दार उघडंच होतं.

"शोभा, तरोटा संपला," दादा म्हणाला. "शेंगा धरल्या, पानं पिवळी पडून राहिली. कुठंच नख लागत नाही आता."

मी गॅस बंद केला. मी काही बोलणार, तोच तो सावकाश म्हणाला,

"येईल पुढच्या वर्षी."